पिकअप ट्रक घेताना: कंपनीची साधी म्युझिक सिस्टिम पुरे, की 'प्रीमियम'साठी जास्तीचे पैसे मोजावेत?

नांगरफाळ
टेक्ससमध्ये क्रू-कॅब (चार दारांचा) पिकअप घ्यायचा आहे. यादीत फोर्ड एफ-१५०, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा आहेत. इंजिन, टोइंग, बेडची लांबी हे सगळं ठरलंय, घोडं अडलंय म्युझिक सिस्टिमवर. तिन्हीकडे एक साधी आणि एक नावाजलेल्या ब्रँडची, पण ब्रँडची हवी तर सोबत अख्खं पॅकेज गळ्यात पडतं. रोजचा हायवे ७० मैल. ऐकणं म्हणजे नाट्यसंगीत, तबला, थोडी लावणी, बाकी पॉडकास्ट. मागे दोन पोरं. फरक नेमका कशात असतो आणि कानाला किती कळतो, हे जाणकारांनी सांगावं. 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर नको.

ओहमकार
आधी वॅटचं भूत उतरवू.

साध्या सिस्टिममध्ये वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसतो. डॅशमधल्या हेड युनिटमध्येच एक चिप असते आणि ती चार वाहिन्यांना ताकद देते. गाडी चालू असताना व्होल्टेज साधारण १४.४. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग २०७, त्याला ८ ने भागा: २६ वॅट. ही झाली कागदावरची कमाल मर्यादा. चिपमध्ये थोडं वाया जातं, म्हणून आवाज न फाटता हातात पडतात १८ ते २२ वॅट. खोक्यावर '५० गुणिले ४' छापलेलं असलं तरी भौतिकशास्त्र बदलत नाही.

प्रीमियममध्ये वेगळा अ‍ॅम्प असतो आणि तो स्पीकरचा ओहम कमी करून किंवा आत व्होल्टेज वाढवून ही भिंत ओलांडतो. २ ओहमचा स्पीकर लावला की तीच चिप ५० च्या आसपास जाते. पण ताकद दुप्पट झाली की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. तेव्हा २० चे ४० वॅट झाले म्हणून कुणी खुर्चीतून उडत नाही.

ब्रोशरमधला आकडा पडताळायची सोपी युक्ती: फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ऑडिओ अ‍ॅम्पचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा. ३० चा असेल तर ३० × १३.८ × ०.८ = साधारण ३३० वॅट. सलग यापेक्षा जास्त निघणार नाही. क्षणभराचा ठोका वर जाईल, कारण फ्यूज लगेच उडत नाही. बाकीचा आकडा ब्रोशर छापणाऱ्याचा.

शेवंता
वरच्याला अनुमोदन. आता यादीतल्या ट्रकांबद्दल.

रॅम १५०० ची ही पिढी २०१९ ला आली तेव्हा वरची सिस्टिम हरमन कार्डनची होती: १९ स्पीकर, ९०० वॅट, १० इंची सबवूफर (खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर). एफ-१५० च्या २०२१ च्या मॉडेलला बँग अँड ओलुफसेनच्या दोन पायऱ्या: ८ स्पीकरची, आणि वर १८ स्पीकरची 'अनलीश्ड', जिच्यात छतात आणि हेडरेस्टमध्येही स्पीकर आहेत. २०२२ पासूनच्या टुंड्राला जेबीएलचे १२ स्पीकर.

गंमत अशी, की ही तिन्ही नावं एकाच घरची. जेबीएल आणि हरमन कार्डन हरमनचेच, आणि बँग अँड ओलुफसेनचा गाड्यांच्या ऑडिओचा धंदा हरमनने २०१५ मध्ये विकत घेतला. २०१७ पासून हरमन सॅमसंगकडे आहे. त्यामुळे 'कुठला ब्रँड भारी' या वादात फार दम नाही. त्या ट्रकसाठी कंपनीने किती खर्च करायला परवानगी दिली आणि ट्यूनिंगला किती वेळ दिला, फरक तिथे पडतो. रॅमवर आता वरच्या ट्रिमला (महागड्या आवृत्तीला) क्लिप्शची २३ स्पीकरची सिस्टिम येते (२०२५ पासून). ते घराणं वेगळं.

नांगरफाळ, तुमच्यासाठी खरी रेघ '८ स्पीकर की १८' इथे नाही. ती 'सबवूफर आणि वेगळा अ‍ॅम्प आहे की नाही' इथे आहे. ६ वरून ८ वर जाताना कान सुखावतो तो सबमुळे. ८ वरून १८ ला मिळतो तो मुख्यतः फैलाव, आवाज सभोवती असल्याचा भास. नाट्यसंगीताला त्याचा फारसा उपयोग नाही. जुनं मोनो रेकॉर्डिंग सराउंडमध्ये टाकलं तर गायक विहिरीत बसल्यासारखा वाटतो. घेतलीत तरी तो मोड बंदच ठेवा.

टपरीवाला_टेलगेट
१८ स्पीकर म्हणजे वरातीचा डीजेच की हो. पुढे घोडा बांधा फक्त.

स्वयंभू_सुतार
डीजे परवडला, त्याच्या खोक्याला चार भिंती तरी असतात. ट्रकच्या दाराला त्याही नसतात.

दार म्हणजे बाहेरचा पातळ पत्रा, मध्ये काचेची यंत्रणा, आत प्लास्टिकचं पॅनेल. ६ बाय ९ चा स्पीकर त्या पोकळीत थरथरतो. स्पीकरच्या मागची उलटी लाट कुठूनही फटीतून पुढे आली की पुढच्या लाटेला खाते, आणि खालचा आवाज गायब. साध्या सिस्टिमच्या नावाने लोक बोटं मोडतात त्यातला निम्मा दोष दाराचा. प्रीमियममध्येही दार तेच असतं, फक्त खालचा भार सबकडे जातो म्हणून दाराची अब्रू वाचते.

दुरुस्ती, प्रत्येक दारामागे:

पॅनेल काढा. स्क्रू हँडलच्या कपात आणि आरशामागच्या त्रिकोणात लपलेले असतात, बाकी क्लिपा. प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रूड्रायव्हर घातलात तर रंग खरवडतो. चारपाच जास्तीच्या क्लिपा आधीच आणून ठेवा, एकदोन तुटतातच. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूने तेल, मेण पुसून घ्या (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि २ मिमी जाडीची ब्यूटाइल (थरथर शोषणारी रबरी) शीट रोलरने दाबून चिकटवा. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधल्या मोकळ्या भागाच्या २५ ते ३० टक्के पुरे. बोटाच्या पेराने टकटक करून बघा: आधी डब्यासारखं 'टण्ण' वाजतं, नंतर पुठ्ठ्यावर मारल्यासारखं 'ठप्प'. तो बदल ऐकू आला की थांबा, त्यापुढची शीट म्हणजे नुसतं वजन. दाराच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर दोन पावसाळ्यांत दार गंजेल.

मग स्पीकरच्या कडेभोवती फोमची रिंग, म्हणजे स्पीकर आणि पॅनेलची जाळी यांच्यातली फट बंद. पॅनेलच्या क्लिपांना आणि आतल्या तारांना कापडी टेप. खडखडाट येतो तो बहुतेक वेळा तारेचाच. दोन पुढच्या दारांना मिळून थोडीच शीट लागते. अर्ध्या दिवसाचं काम.

एक धोक्याची गोष्ट. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅगसाठी दारात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. स्पीकर काढून भोक उघडं ठेवून गाडी चालवू नका, आणि कंपनीने बंद ठेवलेल्या जागी नवं भोक पाडू नका. काम करताना इग्निशन बंद.

नांगरफाळ
हे भारी. मग साधी सिस्टिम घेऊन नंतर आपणच अ‍ॅम्प आणि सब टाकला तर? पॅकेजचे पैसे वाचतील.

ओहमकार
वाचतील, पण हात लावायची तयारी असेल तरच. आणि पुढेमागे हे करणारच असाल तर प्रीमियम अजिबात घेऊ नका, तिथे काम दुप्पट अवघड होतं. कारण सांगतो.

साध्या सिस्टिममध्ये हेड युनिटमधून स्पीकरपर्यंत साध्या तांब्याच्या जोड्या जातात. सिग्नल कुठेही पकडता येतो. प्रीमियममध्ये हेड युनिटपासून अ‍ॅम्पपर्यंत अनेकदा डिजिटल बस (आकड्यांच्या रूपात सिग्नल नेणारी तार) असते. फोर्डने स्वीकारलेली ए-टू-बी ही अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची बस तारांच्या एका जोडीवरून ३२ वाहिन्यांपर्यंत नेते. ती तार कापून काही मिळत नाही, त्या गाडीसाठी बनवलेलं खास मॉड्यूलच लागतं. अ‍ॅम्पच्या पुढे पकडावं तर तिथे सिग्नल आधीच चिरफाड झालेला असतो: ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) फक्त वरचा, दाराला मधला, प्रत्येकाला वेगळा विलंब, वेगळं इक्वलायझेशन. ते सगळं पुन्हा जोडून सपाट करायला महागडा डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणारा छोटा संगणक) आणि ते मोजायला मायक्रोफोन. शिवाय स्पीकर २ ओहमचे असतील तर बाजारातला ४ ओहमचा लावल्यावर ताकद अर्धी होते, म्हणजे नवा स्पीकर जुन्यापेक्षा हळू वाजतो आणि लोक म्हणतात 'फसलो'. मल्टिमीटरने बघून घ्या: ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.६ दाखवतो, २ ओहमचा १.६ ते १.९. ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, तिथे मीटर काहीच दाखवणार नाही. तो बिघाड नव्हे.

आता साध्या सिस्टिमवर काय करायचं.

पहिलं, हेड युनिट काय खोडी करतं ते शोधा. बहुतेक कंपन्या आवाज वाढवला की खालचे स्वर आपोआप कमी करतात, स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप घ्या, यूएसबीवरून पिंक नॉइज (सगळे स्वर असलेला एकसारखा खरखराट) वाजवा. व्हॉल्यूम १० वर आलेख टिपा, मग २० वर, मग २५ वर. वरच्या बाजूचा आलेख उचलला जातोय आणि ८० हर्ट्झखालचा तिथेच बसून राहतोय, असं दिसलं तर बास कापला जातोय. मग साधा कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल वेगळ्या यंत्राला चालेल असा करणारा जोड) चालणार नाही, तो बास भरून काढणारा किंवा निदान डीएसपी असलेला अ‍ॅम्प लागेल.

दुसरं, काही गाड्यांचं हेड युनिट स्पीकर जोडलेला नाही असं जाणवलं की ती वाहिनी बंद करतं. क्रायस्लर घराण्यात, म्हणजे रॅममध्येही, याचा त्रास जास्त. तिथे कन्व्हर्टरसोबत लोड रेझिस्टर (स्पीकर जोडलेला आहे असं भासवणारा भाग) लावावा लागतो.

तिसरं, वीज. सबसाठी ५०० वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प धरला तर ५०० ÷ ०.८ ÷ १३.८ = ४५ अँपिअर. ४ गेजची शुद्ध तांब्याची तार, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तार घेऊ नका. घेतलीच तर दोन नंबर जाड घ्या. अर्थिंग रंग खरवडून थेट बॉडीच्या पत्र्याला. सीटच्या बोल्टला जोडलं की अल्टरनेटरची शिट्टी ऐकू येते, इंजिनाबरोबर चढउतार होणारी.

चौथं, मागच्या सीटखालची जागा. १० इंची उथळ सब बंद खोक्यात ०.५ ते ०.७ घनफुटांत बसतो. आधी पुठ्ठ्याचा खोका करून सीट खाली पाडून बघा. सबचं तोंड खाली असेल तर जमिनीपासून निदान एक इंच मोकळा सोडा, नाहीतर कोन गालिच्याला घासतो.

भाग आणलेत आणि काम स्वतः केलंत तर पुढचे स्पीकर, अ‍ॅम्प, सब, तारा मिळून साधारण १२०० ते १५०० डॉलर. दुकानात दिलंत तर मजुरी वेगळी. पॅकेजमध्ये दुसरं काही तुम्हाला हवंच असेल (कॅमेरे, गरम सीट) तर मग हिशोब उलटतो.

शेवंता
वॉरंटीची भीती डीलर घालतो म्हणून जोडते: अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग लावला एवढ्या कारणावर पूर्ण वॉरंटी रद्द करता येत नाही. तुमच्या भागामुळेच बिघाड झाला हे त्यांना दाखवावं लागतं. पण तुम्ही कापलेल्या वायरिंगमुळे काही जळलं तर ते तुमच्या अंगावर. म्हणून मूळ हार्नेस (तारांचा जुडगा) कापू नका, त्या गाडीचा प्लग-टू-प्लग जोड घ्या.

कोकणी_कॅम्शाफ्ट
सब टाकल्यावर हायवेवर सतत 'घुंऽऽ' असा आवाज येतो, म्युझिक बंद असतानाही. याच्यावर कुणी बोललं नाही.

ओहमकार
बरं झालं आठवण केलीत. हा सगळ्यात जास्त चकवणारा दोष आहे.

नव्या ट्रकांत अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन असतं. छतातले मायक्रोफोन इंजिनाची गुरगुर ऐकतात आणि स्पीकरमधून तिची उलटी लाट सोडतात. व्ही-६ इंजिन मिनिटाला १६०० फेऱ्यांवर असेल तर दर फेरीला तीन स्फोट, म्हणजे १६०० ÷ ६० × ३ = ८० हर्ट्झ. व्ही-८ निम्मे सिलिंडर बंद करून चार सिलिंडरवर चालत असेल तर १५०० फेऱ्यांना ५० हर्ट्झ. ही दुसरी गुरगुर कानाला जास्त बोचते, म्हणून सिलिंडर बंद होणाऱ्या व्ही-८ ला या यंत्रणेची गरज अधिक.

आता तुम्ही मूळ स्पीकरच्या जागी पाचपट ताकदीचा सब बसवला. यंत्रणेला वाटतं आपण चिमूटभर सोडतोय, प्रत्यक्षात जातं मूठभर. मायक्रोफोन तेच ऐकतो, आणखी सुधारायला जातो, आणि आवाज स्वतःच्याच शेपटीमागे गोल फिरतो. सबच्या तारा उलट्या जोडल्या असतील तर 'वजा' च्या जागी 'अधिक' होतं आणि घुंकार आणखी वाढतो.

खात्री करायची तर सबचा फ्यूज काढून त्याच वेगाला, त्याच गिअरमध्ये चालवा. घुंकार गेला तर दोष इथलाच. उपाय: आधी सबच्या तारांची दिशा तपासा, मग गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) उतरवा. तरी राहिला तर यंत्रणा बंद करा. फोर्डमध्ये फोरस्कॅन (गाडीच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) आणि गाडीच्या तपासणी-सॉकेटचा ओबीडी अ‍ॅडॅप्टरने ऑडिओ मॉड्यूलमधून जमतं. मूळ सेटिंगची प्रत जतन केल्याशिवाय एकही अंक बदलू नका. इकोबूस्टमध्ये (फोर्डचं टर्बो इंजिन) इंजिनाचा सजवलेला आवाजही स्पीकरमधूनच येतो. तो आणि कॅन्सलेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घोळ करू नका.

टपरीवाला_टेलगेट
म्हणजे इंजिनाचा आवाज आधी पैसे देऊन दाबायचा आणि पुन्हा पैसे देऊन स्पीकरमधून ऐकायचा. धन्य.

शेवंता
टेस्ट ड्राइव्हबद्दल. सेल्समन बसल्या बसल्या सॅटेलाइट रेडिओ लावून देतो. तो बंद करायला सांगा. तो आवाज इतका दाबलेला असतो की चांगल्या सिस्टिमवर उलट जास्त खरखरतो.

घरून यूएसबी स्टिक न्या, फ्लॅक (गुणवत्ता न घटवलेल्या) फाइल्स टाकून. फोन लावायचा तर तारेने. वायरलेस कारप्लेत आवाज वाय-फायने येतो, तेही चालेल, पण साध्या ब्लूटूथवर तुलना करू नका. अ‍ॅपमधली गुणवत्ता सर्वात वर, आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन बंद. गाडीत बास-ट्रेबल शून्यावर, फेड-बॅलन्स मधोमध, सराउंड बंद, वेगानुसार आवाज वाढवणारी सेटिंग बंद. दोन्ही ट्रिम एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर.

आधी इंजिन बंद ठेवून ऐका. तबल्याचा डग्गा घ्या, ज्यात मनगट दाबून घुमारा वर चढवलाय असा तुकडा. साध्या सिस्टिमवर थाप ऐकू येते पण घुमाऱ्याचा खालचा पोटातला भाग नाही, स्वर मधूनच सुरू झाल्यासारखा वाटतो. चांगला सब असेल तर तो खालून वर एकसंध सरकतो. वाईट ट्यून केलेला सब असेल तर एका ठरावीक स्वरावरच 'बुम्म' करतो आणि पुढच्यावर गप्प. मग तानपुरा: चार तारा सुट्या कळल्या पाहिजेत, नुसती गुंजारव नको. मग गायकाचा एकटा आवाज: तो डॅशच्या मध्यावर उभा राहिला पाहिजे. डाव्या दारातून आला तर डीएसपीने विलंब साधलेला नाही. तुमच्या कानापासून डावा स्पीकर ९० सेंटिमीटर आणि उजवा १५० असेल तर पावणेदोन मिलिसेकंदांचा फरक पडतो, तेवढ्याने आवाज दाराला चिकटतो.

मग ४०, ५०, ६३, ८० हर्ट्झचे सूर एकेक. कुठलं पॅनेल खडखडतं ते इथेच कळेल. डीलरच्या दारात सापडलेला खडखडाट त्याचा, घरी सापडलेला तुमचा.

आणि मग ६५-७० मैलांच्या वेगाला हायवेवर. पिकअपच्या केबिनमध्ये तेव्हा साधारण ६५ ते ७० डेसिबल असतात, त्यातलं बरंच खालच्या पट्टीतलं, टायरचं. सगळ्यात आधी बुडतो तो डग्गाच. म्हणून शोरूममध्ये बरी वाटलेली साधी सिस्टिम रस्त्यावर पातळ होते. ऑल-टेरेन टायर असलेली गाडी असेल तर फरक आणखी दिसेल. शेवटी दोन मिनिटं मागच्या सीटवर बसा, पोरं तिथे असणार आहेत.

पुणेरी_पाना
इथे भारतात टोयोटा हायलक्स घेणाऱ्यांसाठी यातलं काय लागू?

स्वयंभू_सुतार
दार आणि वीज, दोन्ही जशीच्या तशी. ऑस्ट्रेलियात वरच्या हायलक्सला जेबीएल मिळतो, आपल्याकडे तो पर्यायच नाही, त्यामुळे प्रश्न निम्म्यावर येतो. आधी दारं, मग सीटखालचा अ‍ॅम्पसकट येणारा तयार छोटा सब. खड्ड्यांचे रस्ते बघता पॅनेलच्या क्लिपांना टेप विसरू नका.

कोकणी_कॅम्शाफ्ट
अवांतर: टोयोटाच्या २०२४ च्या टकोमा पिकअपला जेबीएलमध्ये डॅशवरून काढता येणारा स्पीकर आहे, पाण्याने खराब न होणारा, बॅटरी सहा तासांपर्यंत. जीएमसी सिएरावर टेलगेटमध्ये किकरची १०० वॅटची सिस्टिम मिळते. दोन्ही पार्किंगमधल्या पार्टीसाठी झकास, चालवताना ऐकायच्या सिस्टिमच्या तुलनेत धरू नका.

नांगरफाळ
सगळ्यांचे आभार. हत्यारं हातात धरायची सवय आहे, पण वायरिंगचा कंटाळा. त्यामुळे एफ-१५० ची ८ स्पीकरवाली किंवा टुंड्राचा जेबीएल, एवढ्यावर आलोय. १८ आणि १९ वाले बाद. चूक करतोय का?

शेवंता
नाही. वायरिंगचा कंटाळा असेल तर सबसकटची प्रीमियम घ्या आणि तिला हात लावू नका. फक्त सुतारांनी सांगितलेली दारं करा, त्याला एकही तार लागत नाही.

सही करण्याआधी खिडकीवरच्या कागदावर ऑडिओची ओळ शब्दशः वाचा, त्याच ट्रिमचे दोन ट्रक शेजारी उभे असतात आणि एकातच सब असतो. मन बदलून शेवरोलेचा सिल्व्हराडो बघितलात तर बोस सिस्टिमचा ऑर्डर-कोड यूक्यूए. तिथे सब मधल्या कन्सोलमध्ये असतो, म्हणून पुढे सलग बाक असलेल्या गाडीत तो मिळत नाही.

ओहमकार
आणि सब जिथे असेल तिथे त्याच्या जाळीवर हात ठेवा, ५० हर्ट्झचा सूर लावून. हाताला हवा लागली पाहिजे.